चाळीतला कांदा आणि कागदावरचं नाव

(वणी येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



तरुण उद्योजकांबद्दल बोला, असं मला सांगितलंय. या विषयावर बहुधा एकच गोष्ट ऐकायला मिळते. कुणाला तरी कल्पना सुचली, त्यानं जिद्द धरली, तो मोठा झाला. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी आपल्या घरात, चाळीत आणि बांधावर घडते. मी तिच्याबद्दल बोलणार आहे.

उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यात निघतो. भाव बरा मिळेल म्हणून आपण तो चाळीत भरतो आणि दिवाळीपर्यंत थोडा थोडा विकतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की एक कांदा सडतो, मग शेजारचे सडतात. साठवलेल्या मालाचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, असा वाया जातो. हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? निवडणीला बसणाऱ्या बाईला. तिच्या नाकाला कळतं. पण चाळ आज फोडायची की महिनाभर थांबायचं, हे ठरवताना तिला किती घरांत विचारतात? हात वर करून सांगा.

लासलगावच्या कल्याणी शिंदे या मुलीनं हाच प्रश्न हाती घेतला. कांद्याच्या पट्ट्यातली मुलगी, संगणक अभियंता झालेली. नाशिकला टीसीएस फाउंडेशनचं 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' नावाचं केंद्र आहे. तिथं तिनं या कामाला आकार दिला आणि 'गोदाम इनोव्हेशन्स' ही कंपनी काढली. कांदा सडायला लागला की त्यातून वायू सुटतो. चाळीत बसवलेलं तिचं यंत्र तो वायू, तापमान आणि दमटपणा मोजतं आणि नासाडीला सुरुवात होताच मोबाइलवर कळवतं. शेतकरी वेळेवर चाळ उघडतो, खराब माल बाजूला काढतो, उरलेला वाचतो.

मला या मुलीचं कौतुक आहे. विशीतल्या मुलीनं कांद्याच्या व्यापारात, जिथं आडत्यापासून हमालापर्यंत सगळे पुरुष, तिथं उभं राहून आपलं म्हणणं ऐकवणं सोपं नाही. पण कौतुक करून आपण घरी गेलो तर उपयोग काय? तिला काय काय मिळालं ते बघू या. शिक्षण मिळालं. प्रयोग करायला वेळ मिळाला. प्रयोग फसला तरी सांभाळून घेणारी जागा मिळाली. आपल्या गावात हुशार मुली कमी नाहीत. कमी आहेत त्या या तीन गोष्टी.

चौथी गोष्ट भांडवल. बँकेत गेलं की तारण विचारतात. तारण म्हणजे जमीन, घर. ते कुणाच्या नावावर आहे? महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, २००५ साली तो हक्क देशभरातल्या मुलींना मिळाला. कायदा झाला, पण भाऊबीजेला गेलेली बहीण ओवाळणी घेऊन येते आणि हक्कसोडपत्रावर सही करून येते. माहेर तुटू नये म्हणून करते, तिला मी दोष देत नाही. पण त्या सहीबरोबर तिचं तारणही जातं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

इथून जवळच चांदवडला १९८६ साली शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. हजारो शेतकरी बाया तिथं जमल्या होत्या. पुढे शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'चं आंदोलन चालवलं, गावोगाव पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. म्हणजे आपल्याच भागात हे घडलेलं आहे, मी काही नवं मागत नाही.

सरकारी योजनांचंही तसंच. २०२४ साली राज्य सरकारनं महिलांच्या नवउद्योगांसाठी अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं योजना आणली. कंपनीत बाईचा निम्म्याहून अधिक वाटा असला पाहिजे, ही त्यातली अट चांगली आहे. पण वाटा कागदावर बाईचा आणि चेकवर सही करणारा हात नवऱ्याचा, असं झालं तर त्या अटीला अर्थ राहात नाही. शिवाय अशी योजना नोंदलेल्या, बऱ्यापैकी उलाढाल असलेल्या कंपनीसाठी असते. पापड-मसाला करणाऱ्या आपल्या गटाला त्या पायरीपर्यंत कोण पोचवणार?

आणखी एक प्रश्न. यंत्रानं मोबाइलवर कळवलं, पण तो मोबाइल कुणाच्या खिशात? सडका कांदा वेगळा काढायला बसणार बाईच, घरची किंवा रोजानं आलेली. पेठ-सुरगाण्याकडून ज्या बाया आपल्याकडे द्राक्षबागेच्या, कांद्याच्या कामाला येतात, त्यांच्या मजुरीत वाचलेल्या मालाचा काही हिस्सा पडणार का? यंत्र वाईट नाही. पण वाचलेला पैसा कुणाच्या हातात जातो हे विचारणं आपलं काम आहे, ते कुठलंही यंत्र करणार नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की उठू नका. रोजच्या कामातली कोणती गोष्ट सगळ्यात जास्त छळते, हे प्रत्येकीनं सांगा: पाण्याची खेप, चुलीचा धूर, बाजारात बाईला न मिळणारं स्वच्छतागृह, काहीही. लिहिता येणाऱ्या पोरींनी ते वहीत उतरवा. त्यातली एखादी पोर उद्या त्यावर उपाय काढेल. तिला शिकू द्या, लग्नाची घाई करू नका. धंद्याची नोंदणी तिच्या नावावर, खातं तिच्या नावावर आणि पासबुक तिच्याच पिशवीत राहील, एवढं आपण पाहू या.

आणि येताना आपापल्या घरचा सातबारा घेऊन या. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते एकत्र बसून वाचू.