खोबण आणि पताम

गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्या ज्या श्रोत्यांनी जवळून पाहिल्या असतील, त्यांना शिंपल्यांची तावदाने खचित आठवतील. काच महाग व दुर्मिळ होती त्या काळी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांमध्ये ओळीने बसवीत असत. बाहेरचे रखरखीत ऊन त्यांतून दुधासारखे मवाळ होऊन घरात उतरे. पाहणाऱ्याचे लक्ष त्या प्रकाशाकडे जाते. शिंपली धरून ठेवणाऱ्या पट्टीकडे सहसा जात नाही. त्या पट्टीच्या कडेत सुताराने एक अरुंद खोबण पाडलेली असते आणि शिंपलीची कड तीत विसावलेली असते. सारी खिडकी त्या लहानशा पोकळीच्या आधारावर उभी असते.

लाकूडकामात अशा पोकळ्या मुख्यतः तीन प्रकारच्या. लाकडाच्या रेषांच्या दिशेने पाडलेला लांब चर म्हणजे खोबण. तोच चर रेषांना आडवा पाडला, जसा कपाटाच्या बाजूच्या फळीत कप्पा बसविण्यासाठी पाडतात, तर ती आडवी खाच. आणि फळीच्या अगदी कडेलाच, एका अंगाने उघडी अशी पायरीच्या आकाराची जी खाच काढतात, तिला सुतार पताम म्हणतात. दाराची झडप चौकटीत जेथे टेकते तो पताम. तसबिरीची काच चौकटीच्या मागून जेथे बसते तोही पतामच.

ही पोकळी कशासाठी हवी हे कळल्याखेरीज ती कशी पाडावी हे नीट कळत नाही. झाड तोडले तरी लाकडाची हालचाल थांबत नाही. पावसाळ्यात हवेतील ओल घेऊन फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात ती ओल टाकून आकसते. लांबीत मात्र पडणारा फरक नगण्य असतो. सागवान हे या बाबतीत मोठे शांत लाकूड समजले जाते. तरीही ओल्या स्थितीपासून पूर्ण सुकेपर्यंत ते वार्षिक वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. या हिशेबाने ३०० मिलिमीटर रुंदीच्या सागवानी फळीतील ओल ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेली, तर ती कशी चिरली आहे त्याप्रमाणे सुमारे दीड ते साडेतीन मिलिमीटरांनी रुंद होते.

साडेतीन मिलिमीटर म्हणजे एका सुताहून अधिक. चौकटीच्या दारात अशी फळी सरस लावून चोहोबाजूंनी जखडली, तर फुगताना ती चौकटीचे सांधे उघडते आणि आकसताना स्वतः फाटते. म्हणून जाणता सुतार चौकटीच्या आतील कडेला खोबण पाडतो, फळी तीत कोरडीच सरकवितो आणि काम उन्हाळ्याचे असेल तर रुंदीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवतो. फळी आपल्या जागी हलती राहते, चौकट मात्र ढळत नाही.

हे काम पूर्वी खोबण पाडण्याचा रंधा, पताम रंधा आणि पटाशी यांनी होत असे, आणि चांगल्या हातांत आजही होते. ते यंत्राकडे सोपविण्याचा विचारही दोनशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडात सॅम्युअल बेंथम याने १७९३ साली घेतलेल्या पेटंटात रंधणे, खोबण पाडणे व पताम काढणे या कामांच्या यांत्रिक युक्त्या होत्या. तुरुंगातील अकुशल कैद्यांकडूनही ही कामे करून घेता यावीत, असा बेंथम बंधूंचा मानस होता. हाताचे कौशल्य यंत्रात उतरविता येईल ही अपेक्षा पुष्कळ अंशी खरी ठरली. परंतु माप ठरविण्याचे आणि धोका ओळखण्याचे काम यंत्राने काही पत्करले नाही.

आजच्या लहान कारखान्यात खोबण व पताम प्रामुख्याने दोन यंत्रांवर निघतात. एक टेबलावरची गोल करवत आणि दुसरे राउटर.

गोल करवतीचे पाते टेबलाच्या चिरेतून वर आलेले असते. ते जितके वर, तितकी खोबण खोल. पात्याशी समांतर अशी जी सरळ पट्टी टेबलावर घट्ट बसविलेली असते, तिला कारखान्यात फेन्स म्हणतात. फळीची कड फेन्सला टेकवून पुढे सरकविली की खोबण कडेपासून सर्वत्र सारख्या अंतरावर पडते. नेहमीच्या पात्याची चीर सुमारे ३ मिलिमीटरांची, म्हणजे जवळजवळ एक सूत असते. त्याहून रुंद खोबण हवी असल्यास दुसरा फेरा घ्यावा लागतो.

येथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. खोबण जाडीच्या बरोबर मध्यावर हवी असेल, तर मध्य मोजीत बसण्याचे कारण नाही. एक फेरा झाल्यावर तुकडा उलट टोकाने फिरवावा, म्हणजे त्याची दुसरी बाजू फेन्सला टेकेल, आणि फेन्स न हलविता तोच फेरा पुन्हा घ्यावा. दोन्ही अंगांना सारखेच लाकूड शिल्लक राहते. फेन्स केसभर चुकली असली तर खोबणीची रुंदी बदलेल; मध्य बदलणार नाही.

रुंदीचे आणि खोलीचे प्रमाण साधारणतः जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याचे धरतात. २४ मिलिमीटर जाडीच्या चौकटीला ८ मिलिमीटर रुंद खोबण, आणि १८ मिलिमीटर जाडीच्या कपाटाच्या बाजूला ६ मिलिमीटर खोल आडवी खाच. याहून खोल गेल्यास उरलेले लाकूड दुबळे होते. रुंदीचे अखेरचे माप मात्र पट्टीवरून घेऊ नये. जी वस्तू खोबणीत बसावयाची तिच्यावरूनच घ्यावे. प्लायवुड नावाने १८ मिलिमीटरांचे असले तरी प्रत्यक्षात पुष्कळदा थोडे कमी भरते. एखाद्या रद्दी तुकड्यावर खोबण पाडून पाहावी. तळहाताच्या दाबाने फळी आत सरकली आणि हलविल्यावर खुळखुळली नाही, म्हणजे माप जमले.

पताम काढताना फेऱ्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो, आणि नवखा उमेदवार चुकतो तो येथेच. करवतीवर पताम दोन फेऱ्यांत निघतो. पहिल्या फेऱ्यात फळी टेबलावर आडवी ठेवून तिच्या अंगात एक चीर पाडतात. दुसऱ्या फेऱ्यात फळी कडेवर उभी करून, पहिल्या चिरेला भेटणारी दुसरी चीर घेतात. दोन्ही चिरा भेटल्या की कोपऱ्यातील चौकोनी पट्टी सुटी होते. ही सुटी होणारी पट्टी फेन्सच्या विरुद्ध बाजूला पडेल अशा रीतीने फळी धरली पाहिजे. उलट धरली, तर पट्टी फिरते पाते आणि फेन्स यांच्यामध्ये अडकते. २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याचा दात ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने धावत असतो. त्या वेगाने मागे फेकलेली बारीक पट्टी बाणासारखी येते, आणि तिच्या वाटेत बहुधा कारागीर स्वतःच उभा असतो. म्हणून फळी उभी करण्यापूर्वी क्षणभर थांबून सुटी पट्टी कोठे पडणार हे मनाशी पाहावे, आणि स्वतः पात्याच्या सरळ रेषेत न राहता थोडे बाजूला उभे राहावे.

खोबण पाडताना आणखी एक धोका असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. साध्या चिरकामात पाते फळीच्या वर डोकावते व माणूस सावध राहतो. खोबण पाडताना तेच पाते लाकडाखाली दडते. वरून सारे निर्धोक भासते. हात नकळत त्याच जागेवर टेकला जातो. आणि फळी एकाएकी निसटली तर तो हात थेट दातांवर येतो. पुष्कळ करवतींवरील संरक्षक झाकण अशा कामात काढावेच लागते. पात्याच्या मागे उभे असणारे पोलादी पान, ज्यास रिव्हिंग नाइफ म्हणतात, ते पात्याच्या माथ्याहून खाली असेल तर मात्र जागेवरच ठेवता येते आणि ठेवलेच पाहिजे. फळी ढकलण्यासाठी मुठीचा लाकडी ठोकळा वापरावा. फळी फेन्सला दाबून धरण्यासाठी फणीसारखे दाते पाडलेली पट्टी टेबलावर जखडावी. ती पात्याच्या अलीकडे असावी, पात्याच्या बाजूला नसावी, नाहीतर चीर मिटून पाते आवळले जाते. मध्येच सुरू होऊन मध्येच थांबणारी खोबण पाडण्यासाठी फिरत्या पात्यावर फळी वरून उतरविण्याचे साहस कोणी करू नये. ते काम राउटरचे.

बोटाचा स्पर्श होताच सुमारे ५ सहस्रांश सेकंदात पाते थांबविणारी योजना अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ साली शोधून काढली. अनेक बोटे तिने वाचविली आहेत. परंतु ती त्वचा ओळखते. अडकलेली पट्टी ओळखत नाही. मागे फेकल्या जाणाऱ्या लाकडापासून ती रक्षण करू शकत नाही.

राउटरची रीत वेगळी. त्यात पाते नसून बोटाएवढी धारदार कटर असते आणि ती मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते; कटर जितकी मोठी, तितका वेग कमी ठेवावा लागतो. सरळ कटरने खोबण पडते. पतामासाठीच्या कटरच्या टोकाला लहानसे बेअरिंग असते. ते फळीच्या कडेवरून फिरते आणि पतामाची रुंदी आपोआप सारखी ठेवते. बेअरिंग बदलले की रुंदी बदलते. १२ मिलिमीटर खोल पताम एका फेऱ्यात ओरबाडून काढू नये. तीन-चार मिलिमीटरांच्या टप्प्यांनी उतरावे. कटर जळत नाही, लाकूड काळे पडत नाही आणि हाताला हिसका बसत नाही.

राउटरची दिशाही सांभाळावी लागते. फळीच्या कडेसमोर उभे राहून राउटर हाताने चालविताना तो डावीकडून उजवीकडे न्यावा. तोच राउटर टेबलाखाली उलटा बसविला असेल, तर फळी उजवीकडून डावीकडे सरकवावी. दोन्ही वेळी कटरचे दात येणाऱ्या लाकडाला सामोरे जातात. विरुद्ध दिशेने गेल्यास कटर लाकडावर चढते आणि यंत्र किंवा फळी हातातून ओढून नेते.

लाकडाच्या रेषांना आडवी खाच पाडताना बाहेर पडण्याच्या टोकाला लाकडाच्या कपच्या उडतात. तेथे एक रद्दी तुकडा घट्ट लावून ठेवावा आणि खाचेच्या दोन्ही कडा आधी धारदार सुरीने आखून घ्याव्यात. तंतू अगोदरच तुटलेले असले की कड स्वच्छ येते. सुरीची ती रेघ यंत्राच्या युगातही हातानेच ओढावी लागते.

उरल्या काही साध्या गोष्टी. हातमोजे, सैल बाह्या, लोंबता पदर किंवा हातातले कडे फिरत्या यंत्राजवळ नको. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मुखवटा असावा. लाकडाचा भुसा कर्करोगास कारण होतो असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिलेला आहे. खोबणीतला भुसा बोटाने उकरू नये. यंत्र बंद करावे, पाते पूर्ण थांबेपर्यंत उभे राहावे आणि मग कुंच्याने झाडावा. बटण दाबल्यानंतर पाते थांबण्यास जे काही क्षण लागतात, त्या क्षणांची घाई पुष्कळांना महागात पडली आहे.

अशा रीतीने पाडलेल्या खोबणीत बसविलेली फळी पहिल्या पावसाळ्यात थोडी फुगते आणि ठेवलेली जागा भरून काढते. उन्हाळ्यात ती पुन्हा आकसते, तरी तिची कड खोबणीबाहेर दिसत नाही. दार अडत नाही, सांधा उघडत नाही, फळी फाटत नाही. घरातील माणसे ते दार दिवसातून दहा वेळा उघडतात आणि लावतात. आतल्या खोबणीची त्यांना कधी आठवण होत नाही. सुताराला मात्र ती ठाऊक असते, आणि पुढचे दार करावयास त्याची दहाही बोटे शाबूत असतात.