पिशवी अशी हवी, की दोन्ही हात मोकळे राहतील

 

आज आपण बोलणार आहोत प्रवासाच्या पिशवीवर. विषय साधा वाटेल. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून आपलं बाहेर पडणं वाढलंय. कुणी गटाचे पापड-मसाले घेऊन दादरला जाते, कुणी लालबागला लेकीकडे, आणि कुणाच्या वाट्याला परळच्या टाटा रुग्णालयाची वारी येते. सामान उचलायचं आपणच, मग पिशवी कोणती घ्यायची तेही आपणच ठरवूया.

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या माळ्यावर एक जुनी पत्र्याची ट्रंक असेल. गिरणीत कामाला गेलेल्या आज्याची किंवा सासऱ्याची. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत कितीतरी पुरुष राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे. तिथं माणसाची स्वतःची म्हणावी अशी जागा म्हणजे ती ट्रंक आणि वळकटी. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी ट्रंका गावी परतल्या. ट्रंक टिकाऊ खरीच. उंदीर कुरतडत नाही, पावसानं आतलं भिजत नाही. पण ती उचलायला दुसरा माणूस लागतो. आज आपण एकट्या किंवा पेशंटला सोबत घेऊन निघतो. ट्रंकेचा टिकाऊपणा हवा, पण ओझं खांद्यावर बसणारं हवं.

हात मोकळे का हवेत, ते सांगतो. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी, या स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसामुळे माणसं थांबून राहिली. गर्दी वाढली, चेंगराचेंगरी झाली आणि २३ जीव गेले. दोष पुलाचा आणि गर्दीचा होता, कुणाच्या पिशवीचा नव्हता. पण आपण त्याच पुलांवरून जातो. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, मग कठडा कशानं धरायचा? सोबतच्या म्हातारीला कसं सावरायचं?

त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल बांधायला लष्कर आलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. पिशवीच्या बाबतीतही सैनिकाकडून शिकण्यासारखं आहे. त्याला चालायचं असतं, चढायचं असतं आणि हात मोकळे ठेवायचे असतात. म्हणून त्याच्या पिशवीला चाकं नसतात, रुंद पट्टे असतात. आपल्या पाणंदीला आणि दादरच्या जिन्याला चाकांची बॅग काय कामाची? शेवटी ती उचलूनच न्यावी लागते, आणि चाकं-दांड्यांचं वजन वर.

आता अशी पिशवी मिळते कुठं? लष्कराचा बाद झालेला माल लिलावानं विकला जातो, तो फिरत फिरत जुन्या बाजारात येतो. गिरगावापासून जवळच, नळबाजाराच्या बाजूला चोरबाजाराच्या गल्ल्या आहेत. तिथं जुन्या वस्तूंत कधी खाकी कॅनव्हासची पिशवीही सापडते. पण ‘मिलिटरीची आहे’ असं सांगून विकली जाणारी प्रत्येक पिशवी लष्कराची नसते. ब्रिटिश काळापासून लष्करी मालावर बाणाच्या टोकाची खूण मारत आले आहेत. तीही खोटी मारता येते. म्हणून खुणेवर भाळू नका, कापड आणि शिलाई बघा. बिल मागा. बिल देत नसेल तर तिथं थांबू नका.

आणखी एक जपायचं. साधी खाकी किंवा हिरवी पिशवी चालते. पण लष्कराचे बिल्ले, चिन्हं, गणवेशाच्या ठिपक्यांचं कापड यांपासून लांब राहा. सैनिक भासवण्याच्या हेतूनं तसा पोशाख किंवा खूण वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे. घरातल्या पोरांनाही हे सांगून ठेवा.

आता दुकानात उभं राहून काय बघायचं? दादरला असा की तालुक्याच्या बाजारात, परीक्षा तीच.

पहिली गोष्ट पट्टा. पिशवी फाटते ती बहुधा पट्ट्याच्या मुळाशी. तिथं चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिलाई हवी. पट्टा पिशवीच्या तळाखालून फिरवलेला असेल तर उत्तम, कारण मग भार शिलाईवर न येता पट्ट्यावर येतो.

दुसरी गोष्ट शिवण. पिशवी उलटी करून आतून बघा. कापडाचे दोरे सुटलेले नकोत, कडेला पट्टी मारलेली हवी.

तिसरी गोष्ट चेन. चेनीच्या रनरवर मागं आकडा असतो, ५, ८, १० असा. आकडा मोठा तेवढे दात रुंद. मोठ्या पिशवीला ८ किंवा १० बरी. दहा वेळा उघडझाप करून बघा, कोपऱ्यावर अडकते का ते खास बघा. रनर सैल झाला तर तेवढाच बदलून मिळतो, पिशवी टाकू नका. चेन जड चालली तर दातांवरून मेणबत्ती फिरवा.

चौथी गोष्ट कापड. सुती कॅनव्हास जड असतं, पण फाटलं तर चांभारदादा मेणाच्या दोऱ्यानं शिवून देतात. घट्ट विणीचं कॅनव्हास भिजलं की सूत फुगतं आणि वीण आणखी घट्ट होते. मात्र ओलं गुंडाळून ठेवलं की बुरशी धरते. नायलॉन-पॉलिस्टर हलकं आणि लवकर वाळणारं. त्याच्या लेबलावर ‘डेनियर’ लिहितात, म्हणजे धाग्याची जाडी. ९००० मीटर धाग्याचं जेवढे ग्रॅम वजन, तेवढा डेनियर. एकाच जातीच्या कापडात आकडा मोठा तर धागा जाड. आतला लेप नखानं खरवडून बघा. पापुद्रा निघाला तर ती पिशवी परत ठेवा.

किमतीचा हिशेब बचत गटातल्या बायकांना काय शिकवायचा! समजा, ३०० रुपयांची पिशवी सहा महिन्यांत गेली, तर पाच वर्षांत दहा पिशव्या, म्हणजे ३००० रुपये. १२०० ची पाच वर्षं टिकली तर १८०० रुपये वाचले. पण आधी बघा ती टिकणारी आहे का. महाग म्हणजे टिकाऊ असं नाही.

भरताना जड सामान पाठीला लागून ठेवा. रेल्वे दुसऱ्या वर्गात ३५ किलो सामान फुकट नेऊ देते, म्हणून आपल्या पाठीनं ते न्यावं असं नाही. भरलेली पिशवी कुणाच्या मदतीशिवाय पाठीवर घेता आली, तेवढंच आपलं ओझं. दवाखान्याला निघालात तर फाईल, रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छोट्या बगलपिशवीत पुढं लावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी तीच कागदं लागतात. मुंबईच्या पावसात ती भिजली तर हेलपाटा आपल्यालाच. गर्दीत पाठीवरची पिशवीही पोटाकडे घ्या.

शेवटी एक सुचवतो. ज्या गटात शिलाई मशीन आहे, त्यांनी ताडपत्रीच्या दुकानातून जाड कॅनव्हास आणून एक पिशवी शिवून बघावी. साध्या मशीनला चार पदर जड जातात, तेव्हा जाड सुई घ्या आणि पट्ट्याची मुळं चांभाराकडून शिवून घ्या. पहिली पिशवी गटाच्या मालकीची ठेवा. ज्या मैत्रिणीला अचानक परळ गाठायची वेळ येईल, तिच्या हाती ती द्यायची. घरात आजारपण आलं की पिशवी शोधायलाही सवड नसते. तेवढी एक काळजी तरी गटानं उचलावी.

भेटू पुढच्या वेळी. तोवर सुखरूप जा, सुखरूप या.