ताऱ्यांचे पारखी

छंदांचे सामान्यतः दोन वर्ग मानले जातात. काही छंद संग्रहाचे असतात, तर काही कौशल्याचे. पोस्टाची तिकिटे वा जुनी नाणी जमविणारा मनुष्य पहिल्या वर्गात मोडतो. सतार वाजविणारा किंवा बाग फुलविणारा दुसऱ्या वर्गात. आकाशनिरीक्षणाचा छंद यांपैकी कोठे घालावा, हे सांगणे मात्र कठीण आहे. आकाशातील एकही वस्तू घरी आणता येत नाही, आणि कोणाच्याही कौशल्याने ताऱ्यांच्या उदयास्तात तिळमात्र फरक पडत नाही. तथापि या छंदाचा एक विशेष इतरत्र क्वचितच आढळतो. हौसेखातर पाहणाऱ्याने केलेली नोंद येथे शास्त्रज्ञाच्या उपयोगी पडते, आणि ती शंभर वर्षांनंतरही पडू शकते.

हे ज्या ताऱ्यांच्या बाबतीत विशेषेकरून खरे आहे, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. वरवर पाहणाऱ्यास सर्व तारे नित्य सारख्याच तेजाने चमकतात असे वाटते. परंतु त्यांतील पुष्कळांचे तेज कमीअधिक होत असते. ययाती या तारकासमूहातील मायावती हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दर २ दिवस, २० तास व ४९ मिनिटांनी ती मंदावते, आणि सुमारे दहा तासांच्या अवधीत तेज गमावून पुन्हा पूर्ववत होते. या चमत्काराची नियमितता प्रथम निश्चित केली ती इंग्लंडातील यॉर्क गावच्या जॉन गुडरिक या तरुणाने. बालपणी आजारात त्याची श्रवणशक्ती गेली होती. १७८२ च्या नोव्हेंबरात त्याने मायावतीकडे लक्ष देण्यास आरंभ केला, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. एखादा काळोखा गोल तिच्याभोवती फिरत असून तो मधूनमधून तिला झाकीत असावा, असे एक अनुमान त्याने १७८३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. ते मूलतः बरोबर असल्याचे पुढे शंभर वर्षांनी वर्णपटाच्या अभ्यासाने सिद्ध झाले. वृषपर्वा समूहातील आणखी एका ताऱ्याचे तेज साडेपाच दिवसांहून थोड्या कमी अवधीत ठराविक रीतीने बदलते, हेही त्याने १७८४ मध्ये दाखविले. त्या जातीच्या ताऱ्यांवरूनच विसाव्या शतकात दूरदूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजता आली. ते पाहण्यास गुडरिक मात्र राहिला नाही. १७८६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

असा साधक आपल्या देशातही होऊन गेला. राधागोविंद चंद्र यांचा जन्म १८७८ मध्ये आज बांगलादेशात असलेल्या जेसोरजवळील बागचर या गावी झाला. प्रवेशपरीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले आणि अखेर जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याच्या कामावर लागले. महाराष्ट्रात ज्याला पोतदार म्हणत, तीच ही नोकरी. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू त्यांनी लहानशा द्विनेत्रीतून पाहिला, आणि १९१२ मध्ये इंग्लंडातून तीन इंची दुर्बीण मागविली. १९१८ च्या जूनमध्ये गरुड समूहात एक नवतारा एकाएकी प्रकटला, तो त्यांनी स्वतंत्रपणे हेरला. त्यांनी त्याचे वृत्त अमेरिकेस कळविले, आणि त्यातूनच रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची जी संघटना तेथे १९११ मध्ये एका वकिलाच्या पुढाकाराने स्थापन झाली होती, तिच्याशी त्यांचा संबंध जुळला. दिवसा नाणी आणि रात्री तारे पारखीत त्यांनी सुमारे साडेतीन दशकांत ३७,००० हून अधिक निरीक्षणे संघटनेकडे धाडली. त्यांची निष्ठा पाहून संघटनेने १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण त्यांना वापरण्यास पाठविली. फाळणीनंतर जन्मभूमी सोडून त्यांना पश्चिम बंगालमध्ये यावे लागले, तरी निरीक्षणे १९५४ पर्यंत चालू राहिली. १९७५ मध्ये ते वारले. त्यांचे आकडे आजही त्या संघटनेच्या दप्तरात आहेत, आणि संशोधक ते वापरू शकतात.

या कामाची रीत अगदी साधी आहे. ताऱ्यांचे तेज प्रतीत मोजतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. निरीक्षकाने रूपविकारी ताऱ्याच्या आसपासचे दोन स्थिर तारे निवडावयाचे. एक त्याहून थोडा तेजस्वी आणि दुसरा थोडा मंद. त्या दोहोंच्या प्रती ठाऊक असतात. त्यांच्या दरम्यान आपला तारा कोठे बसतो याचा अंदाज घ्यावयाचा, आणि दिनांक, वेळ व आकडा वहीत लिहावयाचा. सरावलेल्या नेत्रास एका प्रतीच्या दशांशापर्यंतचा भेद ओळखू येतो. अंधाराला डोळे सरावण्यास वीसएक मिनिटे लागतात. तोवर पांढरा उजेड टाळून तांबड्या कागदाने झाकलेला दिवा वापरणे इष्ट.

यातील खरी अडचण डोळ्यांची नसून मनाची असते. काल तारा अमुक प्रतीचा होता, त्या अर्थी आज तो याहून थोडा मंद असावयास हवा, अशी अपेक्षा मनात उभी राहते, आणि डोळा तिच्या आज्ञेत वागू लागतो. एकदा ही सवय जडली म्हणजे हजार नोंदींची वहीदेखील निरुपयोगी ठरते, कारण तीत ताऱ्याऐवजी निरीक्षकाचे पूर्वग्रहच नोंदले गेलेले असतात. म्हणून जुने निरीक्षक कालचे पान न उघडता आजचा आकडा लिहीत. खोटे नाणे बाजूला काढणाऱ्या पोतदाराप्रमाणे येथे स्वतःचाच अंदाज पारखून घ्यावा लागतो, आणि त्या वेळी पाहावयास दुसरे कोणीही नसते.

आज प्रचंड स्वयंचलित दुर्बिणी रात्रभर आकाशाची छायाचित्रे घेत असताना हौशी माणसाचे काय काम, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खरा नाही. तेजस्वी ताऱ्यांचा प्रकाश मोठ्या दुर्बिणींच्या यंत्रांना सोसवत नाही, आणि नेमके हेच तारे साध्या डोळ्यास सहज दिसतात. २०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबडा तारा मंदावू लागला. सामान्यतः ०.५ प्रतीच्या आसपास असणारा हा तारा २०२० च्या फेब्रुवारीत १.६ प्रतीपर्यंत उतरला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली, हे त्याचे मुख्य कारण असल्याचे पुढील अभ्यासावरून दिसून आले. परंतु हे मंदावणे असामान्य आहे, हे निश्चयाने म्हणता आले ते मागील पिढ्यांतील निरीक्षकांच्या वह्यांमुळेच.

खरा धोका यंत्रांचा नसून उजेडाचा आहे. शहरांतील दिव्यांनी आकाश फिके पडत चालले असून, जे तारे आजोबांना अंगणातून दिसत, ते नातवास आज गच्चीवरूनही दिसत नाहीत. यावर काही उपायही होऊ लागले आहेत. लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित झाले. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हौशी निरीक्षकांना मार्गदर्शन करीत आली आहे.

आरंभ करू इच्छिणाऱ्याने दुर्बिणीची घाई करू नये. काक्षी व मायावती शहरातूनही दिसतात, आणि पाऊस सरल्यापासून माघ-फाल्गुनापर्यंतच्या रात्री त्यांना अनुकूल असतात. काक्षीची तुलना रोहिणी व प्रश्वा यांच्याशी करावी. वही, पेन्सिल, घड्याळ आणि एक तारानकाशा एवढे साहित्य पहिल्या वर्षास पुरेसे आहे. आभाळ आले तर त्या तारखेसमोर 'ढग' एवढेच लिहावे. अंदाजाने आकडा घालू नये.