ऑफर लेटरची शेवटची पानं

संगणकशास्त्राच्या पदवीधरांनो,

तुमच्यापैकी अनेकांच्या हाती ऑफर लेटर आलं असेल. पगाराचा आकडा आणि रुजू होण्याची तारीख तोंडपाठ असेल. शेवटच्या पानांवर बारीक टायपात बौद्धिक संपदेचं एक कलम असतं, ते बहुतेक जण न वाचताच सही करतात. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम त्यात आला, तो साहित्यकृती म्हणून. कादंबरीला जे संरक्षण, तेच कोडला: लेखकाची हयात आणि त्यानंतर साठ वर्षं. त्यासाठी नोंदणीची अट नाही, कोड लिहिला की हक्क निर्माण झालाच. तरी नोंदणी करून ठेवावी, वाद कोर्टात गेला तर ती पुरावा म्हणून कामी येते. मात्र कल्पनेवर हक्क मिळत नाही. रिक्षा बोलावायचं ॲप कोणीही काढू शकतं, तुमचा कोड उचलून काढता येत नाही.

पण ‘तुमचा’ म्हणजे नक्की कोणाचा? कलम १७ सांगतं की नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी.

यावरून मला नेहमी ‘रेंजचेक’ आठवतं. ॲरेची मर्यादा ओलांडली जातेय का, एवढंच तपासणारं नऊ ओळींचं फंक्शन; तुम्ही प्रत्येकाने असं काहीतरी लिहिलं असेल. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या एका अभियंत्याने ते जावासाठी लिहिलं. पुढे तो गूगलमध्ये गेला आणि त्याच ओळी अँड्रॉइडमध्ये पोहोचल्या. सन विकत घेणाऱ्या ओरॅकलने खटला भरला, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीने त्या नऊ ओळींबाबत उल्लंघन झाल्याचं ठरवलं. ओळी ज्याने लिहिल्या त्याच्याच हातून हे झालं होतं! खटल्यातला मोठा वाद जावाच्या सुमारे साडेअकरा हजार ओळींचा. तो २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गूगलच्या बाजूने सुटला. तुमच्या रोजच्या कामाशी जास्त संबंध आहे तो त्या नऊ ओळींचा. नोकरी बदलताना जुन्या कंपनीचा कोड पेन ड्राइव्हमध्ये घेऊन निघू नका, तो तुमच्याच बोटांनी टाइप केलेला असला तरी.

जे फ्रीलान्सिंग करणार आहेत त्यांची गोष्ट वेगळी. तुम्ही कोणाचे नोकर नाही, त्यामुळे कोडचे पहिले मालक तुम्हीच. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप ग्राहकाकडे जात नाही. कलम १९प्रमाणे तो सहीनिशी, लेखी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कामाआधी दोन पानांचा करार कराच, ग्राहक ओळखीचा असेल तर आवर्जून करा. तुमच्या अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचंही तसंच. चौघांनी मिळून केलेलं काम उद्या स्टार्टअप होणार असेल, तर कोणाचा किती वाटा हे मैत्री घट्ट आहे तोवरच लिहून ठेवा.

दुसऱ्याच्या कोडबाबतही तेवढेच चोख राहा. गिटहबवर दिसला म्हणून कोड फुकट होत नाही. परवाना नसेल तर वापराचा हक्कही नाही. एमआयटी परवाना असेल तर मूळ कॉपीराइट सूचना जपावी लागते, जीपीएल असेल तर तुम्ही वितरित केलेल्या प्रोग्रामचा सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो.

आणि कलम ५७ जरूर वाचा. मालकी कंपनीकडे गेली तरी ‘हे मी लिहिलं’ असं सांगण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. रुजू होताना विचारा, तुमच्याकडे फाइलच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव टाकतात का? टाकत नसतील, तर टाकायला सांगा.