पेट्रोलची दरवाढ आणि आपला हिशेब

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पेट्रोलची दरवाढ हा आता केवळ शहरातील मोटारवाल्यांचा प्रश्न राहिलेला नाही. एके काळी मोटार ही श्रीमंतीची खूण मानली जाई आणि पेट्रोल महागले, तरी त्याची झळ थोड्यांनाच बसे. आज परिस्थिती पालटली आहे. वाडीवरच्या शाळेत जाणारे गुरुजी, गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविका, डेअरीवर दूध पोहोचविणारा शेतकरी ही सारी माणसे दुचाकीच्या आधारावर आपले काम पार पाडतात. त्यांच्या दृष्टीने पेट्रोल ही चैनीची वस्तू नसून मीठमिरचीसारखी नित्याची गरज आहे. म्हणूनच या प्रश्नाचा विचार त्रागा बाजूस ठेवून, हिशेबी वृत्तीने करणे अगत्याचे आहे.

प्रथम दर का वाढतात ते पाहू. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पुढे १९७९ मध्ये इराणमधील क्रांतीने, १९९० मध्ये कुवेतवरील आक्रमणाने आणि २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धाने तोच अनुभव कमीअधिक प्रमाणात दिला. दरम्यान १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात ‘बॉम्बे हाय’ येथे तेल सापडले व १९७६ पासून त्याचे उत्पादनही सुरू झाले. परंतु आपली गरज त्याहून कितीतरी वेगाने वाढली. आजही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी चार पंचमांशाहून अधिक तेल आयात करावे लागते. त्याचे मोल डॉलरमध्ये चुकवावे लागत असल्याने रुपया घसरला, तरी भाव चढतो. या मूळ किमतीवर केंद्राचे उत्पादन शुल्क, राज्याचा मूल्यवर्धित कर व विक्रेत्याचे कमिशन चढते. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, जून २०१७ पासून ते दररोज ठरू लागले आणि मे २०२१ मध्ये मुंबईत लिटरमागे शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली गेली.

करांचा बोजा किती असावा, हा प्रश्न लोकप्रतिनिधींपुढे अवश्य मांडावा. तो नागरिकाचा हक्कच आहे. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी आणि जुलै २०२२ मध्ये राज्य शासनाने आपला कर ५ रुपयांनी कमी केला, तेव्हा ग्राहकाला दिलासा मिळाला. परंतु असे निर्णय होतील तेव्हा होतील. आपणांस गाडी मात्र उद्या सकाळी सुरू करावयाची आहे.

मित्रहो, आपला खर्च म्हणजे दर आणि लिटर यांचा गुणाकार. यांतील दर आपल्या हाती नाही, लिटर मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. समजा, एका शिक्षकाला कामासाठी महिन्याकाठी १,००० किलोमीटर फिरावे लागते. गाडी लिटरला ५० किलोमीटर धावली, तर २० लिटर पेट्रोल लागेल. ४० किलोमीटर धावली, तर २५ लिटर. शंभर रुपये दर धरला, तरी महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपयांचा फरक पडतो. एवढ्या रकमेत मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च सहज भागेल.

आपली गाडी किती ‘ॲव्हरेज’ देते, हे बहुतेक जण अंदाजाने सांगतात. हा अंदाज सोडून एक लहानशी वही गाडीत ठेवावी. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा टिपावा. पुढच्या खेपेस पुन्हा टाकी पूर्ण भरावी आणि मधल्या काळात कापलेल्या अंतराला त्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे जुन्या आठवणीतल्या आकड्याशी तुलना न करता चालू नोंदींचीच तुलना करावी. आकडा एकाएकी खाली आला, तर गाडीत कोठेतरी बिघाड आहे असे समजावे.

हा बिघाड बहुधा साधाच असतो. चाकांत हवा कमी असली, की इंजिनाला अधिक जोर लावावा लागतो. म्हणून पंधरवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी. एअर फिल्टर धुळीने भरलेला नसावा, ब्रेक चाकाला घासत नसावेत, साखळी कोरडी वा सैल नसावी. क्लचवर सतत पाय किंवा बोटे ठेवण्याची सवय मोडावी. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींना कार्ब्युरेटर नाही. तेव्हा सकाळी जागच्या जागी रेस वाढवून इंजिन तापविण्याची जुनी रीत आता अनाठायी आहे. वेगाचेही असेच आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास तो सुमारे पावणेदोनपट होतो आणि वाचतात ती मोजकीच मिनिटे. इंधन बचतीच्या प्रसारासाठी १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या संथ, एकसारख्या वेगाची शिफारस करीत आली आहे. रेल्वेचे फाटक बंद असेल, तर इंजिन बंद करावे, हे वेगळे सांगावयास नको.

पंपावरही आपण जागरूक असावे. मोजणी शून्यापासून सुरू होते की नाही ते पाहावे. मापाविषयी शंका आल्यास वैधमापनशास्त्र विभागाची मुद्रा असलेल्या पाच लिटरच्या मापाने तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. चाकांत हवा भरण्याची सोय पंपावर विनामूल्य असते. हे हक्क भांडणासाठी नव्हेत. पण ते ठाऊक नसल्यास आपले नुकसान होते.

येथवर वाहनधारकाच्या कर्तव्याविषयी बोललो. आता येथे बसलेल्या अधिकारी बंधूंना व पदाधिकाऱ्यांना विनंती करावयाची आहे. ग्रामीण भागातील बरेचसे पेट्रोल वाहनधारकाच्या इच्छेने नव्हे, तर आपण काढलेल्या निरोपाने जळते. सोमवारी एका योजनेची बैठक, बुधवारी दुसऱ्या योजनेचा आढावा आणि शुक्रवारी एका कागदावर सहीसाठी बोलावणे, अशा रीतीने एकच कर्मचारी आठवड्यात तीनदा तालुक्याला येतो. येण्याजाण्याचे अंतर ६० किलोमीटर धरले, तरी १८० किलोमीटर होतात. हीच कामे एका दिवशी ठेवली, तर १२० किलोमीटर वाचतात. शिवाय दोन दिवस शाळा व ग्रामपंचायत यांना आपला माणूस मिळतो तो वेगळाच. जी माहिती दूरध्वनीवरून वा संगणकावरून मिळू शकते, तिच्यासाठी माणसाला बोलावू नये. साहेबांची बैठक चालू असता बाहेर शासकीय वाहनाचे इंजिन चालू राहू नये. वाहनाचे लॉगबुक केवळ भरण्यासाठी नसते, महिनाअखेर वाचण्यासाठीही असते.

ग्रामपंचायतींनाही पुष्कळ करता येईल. एकाच दिशेने जाणाऱ्या दोघांनी एका दुचाकीवरून आळीपाळीने जावे. मात्र दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असावे. बाजाराच्या दिवशी एस.टी.ची वेळ गैरसोयीची असेल, तर ग्रामसभेत ठराव करून तो आगार व्यवस्थापकांकडे पाठवावा. पन्नास माणसे एका बसने गेली, तर पंचवीस दुचाकी घरी राहतात.

या उपायांनी जगातील तेलाचा भाव उतरणार नाही, अशी खोटी आशा मी आपणांस दाखवीत नाही. ज्या रिक्षाचालकाने आधीच थेंबाथेंबाचा हिशेब ठेवला आहे, त्याच्यापाशी वाचविण्यासारखे फारसे उरलेलेही नाही. परंतु ज्यांच्या हाती वाचविण्याजोगे आहे, त्यांनी ते वाचवावे. वाहन ज्याचे, त्याने वही ठेवावी आणि बैठक ज्याची, त्याने ती बोलाविण्यापूर्वी किती माणसांना किती अंतर यावे लागेल, याचा विचार करावा. एवढे आपण येत्या महिन्यापासून सुरू करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.