दुबळ्याने चढलेली पायरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. निकाराग्वा या चिमुकल्या देशाने ती चढली. अमेरिकेच्या इशाऱ्यावर त्याच्या बंदरांत सुरुंग पेरले गेले होते. एप्रिल १९८४ मध्ये तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. अधिकारक्षेत्राचा वाद हरल्यावर अमेरिकेने खटल्यातून अंग काढून घेतले. तरी, प्रतिवादी गैरहजर म्हणून वादीचे सारेच न्यायालयाने खरे मानले नाही. वकील होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे.

निकाल २७ जून १९८६ चा; अध्यक्षस्थानी आपले नगेंद्र सिंह होते. आम्ही एल साल्वादोरचे रक्षण करीत होतो, हा अमेरिकेचा बचाव १२ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला गेला. बंडखोरांना नुसती शस्त्रे पुरवणे हा सशस्त्र हल्ला नव्हे. आणि हल्ला झाल्याचे पीडित देशानेच जाहीर करून मदत मागितली पाहिजे, परस्पर कैवार घेता येत नाही! मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

अंमलबजावणी मात्र सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्या नकाराधिकाराने अडली. १९९१ मध्ये, सरकार बदलल्यावर, निकाराग्वाने दावाच मागे घेतला. काँगोचे नशीब थोडे बरे. २००५ मध्ये युगांडा दोषी ठरला आणि २०२२ मध्ये ठरलेल्या ३२.५ कोटी डॉलर भरपाईचा पहिला हप्ता त्याने त्याच वर्षी भरला.