जिवाणी आणि जिवाणू



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरला उभं केलंत, म्हणून सुरुवात एका शब्दानंच करतो. आम्हा जैनांच्या घरी पाणी दुपदरी जाड कापडातून गाळतात. फडक्यात जे उरतं ते विहिरीतच परत सोडायचं, तिथले जीव तिथेच जगावेत म्हणून. याला जिवाणी म्हणतात. माझी आजी बेळगावातल्या वाड्यात हे रोज करी. पुढे कॉलेजात ‘जिवाणू’ शब्द भेटला तेव्हा वाटलं, आजीला हे आधीच ठाऊक होतं. ही फुशारकी मी पुष्कळ वर्षं मिरवली.

तिला आधारही मिळाला. रीटा कॉलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांना नदी-तळ्याचं पाणी सुती साडीच्या चार घड्यांतून गाळायला शिकवलं. कॉलरा जवळजवळ निम्म्यानं घटला. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे नव्यापेक्षा जुनी साडी सरस. धुऊन धुऊन सूत पिंजतं आणि छिद्रं बुजतात. तरीही ती सुमारे २० मायक्रॉनची राहतात, आणि कॉलऱ्याचा जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा. मग तो अडकतो कसा? तो पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांना चिकटून असतो. अडकतं ते त्याचं वाहन. एकटा असला तर तो खुशाल पार होतो.

विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या जिवाणूला असल्या वाहनाची गरज नसते. गटाराचं पाणी नळात मिसळलं की पुरे. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी चुकलो.

दवाखाना नवा होता. अकरा वर्षांचा एक मुलगा तापानं आला. घर कडक आचाराचं. “पाणी गाळून पिणाऱ्यांकडे टायफॉइड कुठला?” असं म्हणून मी गोळ्या देत राहिलो. शाळेत तो नळाला तोंड लावून पाणी पितो, हे मी विचारलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट लाकडासारखं कडक झालं. आतड्याला भोक पडलं होतं. रात्री शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. वडील एवढंच म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी नेलं असतं.”

तेव्हापासून ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही, तर मी रक्ताचं कल्चर करायला सांगतो आणि रुग्णाला फिजिशियनकडे पाठवतो. तुमचा डॉक्टर माझ्यासारखा साखरगोळ्यांचा असेल, तर तुम्हीच त्याला आठवण करा. अँटिबायोटिक सुरू झालं की ताप उतरला म्हणून मधेच सोडू नका. ही खोड आपल्या घराघरांत आहे.

आणि पाणी उकळा. एका वृद्ध काकांनी मला विचारलं, “उकळल्यानं जीव मरत नाहीत का?” मरतात. मी म्हणालो, “काका, मुनिमहाराजांना आपण कसलं पाणी देतो?” ते हसले नाहीत, विचारात पडले. मीही अजून पडतो. घरी आम्ही आधी गाळतो, मग उकळतो. वाड्यातली विहीर अजून आहे; विहिरीचं पाणी काढलं, तर जिवाणी तिच्यातच सोडतो.